मॅडमची माशी

शीला,

मला शिंक आली की मी अजूनही थांबतो. हातातलं काम टेबलावर ठेवतो आणि खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीकडून आवाज यायची वाट बघतो. "हं, बोल."

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचा आहे. रिटायर होऊन तुला बराच काळ झाला होता, तरी आठवड्यातून एकदा तू प्रयोगशाळेत यायचीसच. त्यामुळे ती खुर्ची रिकामी असली तरी रिकामी वाटायची नाही. आता वाटते. परवा नव्या मुलींनी तिच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं. मी काही बोललो नाही. पोतं उचलून माझ्या खुर्चीवर ठेवलं आणि दिवसभर उभ्यानं काम केलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाप्पा! एवढं करण्यापेक्षा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?"

तोंड न उघडणं हा माझा जुना धंदा. आज सगळ्यांसमोर उघडतो. हे छापून येणार आहे, म्हणून तुला तोंडपाठ असलेलं काही इतरांसाठी पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

आपल्या दोघांची सगळी नोकरी एका अशा जिवानं खाल्ली, जो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नाही. आहे गांधीलमाशीच, पण रव्याच्या कणावर बसवली तर ऐसपैस बसेल एवढी. ही बाई पतंगांची, फुलपाखरांची अंडी शोधते, अंड्याला बारीक भोक पाडते आणि आत आपली अंडी घालते. मग आतली अळी जन्मालाच येत नाही. अंडं काळं पडतं आणि उन्हाळा असला तर आठवडाभरात त्यातून नव्या गांधीलमाश्या बाहेर पडतात. कपाशीवर बोंडअळी पडू नये म्हणून आपण हीच काळी अंडी कार्डावर चिकटवून गावोगाव वाटायचो. तू सभेत उभी राहून सांगायचीस, "अळी मारायले औषध लागते. अळी होऊच नाही द्यायची, त्याले ही बाई लागते." मागे बसलेल्या बाया खुदखुदायच्या. पुरुष कार्ड उलटंसुलटं करून विचारायचे, "मॅडम, याच्यात माशी हाय कुठं?" तू म्हणायचीस, "तुमाले दिसली असती तर तुम्ही मारलीच असती ना!"

अंडं सापडल्यावर ती लगेच भोक पाडत नाही. आधी त्याच्यावर चढते. मिशांनी ठोकून ठोकून इकडून तिकडे चालते, मोजमाप घेते, यात एक पोर पोसेल की चार, ते ठरवते. तू मला पहिल्यांदा हे दाखवलंस तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आदल्याच दिवशी जरीपटक्याच्या बाजारात तुला ब्लाउजपीस घेताना मी पाहिलं होतं. तोच प्रकार. हात फिरव, उलट कर, बोटांनी माप घे, दुकानदाराचा जीव काढ आणि मग, "नाही बसत, दुसरं दाखव."

मी हे तुला सांगितलं नव्हतं. बघ, इतकं साधंसुद्धा सांगितलं नव्हतं.

आपलं न संपलेलं भांडण नरांवरून होतं. काळ्या अंड्यातून नर आधी बाहेर येतो आणि तिथेच अंड्याभोवती घुटमळत बहिणींची वाट पाहत बसतो. बहुतेकांचं सगळं आयुष्य तेवढ्याच जागेत संपतं. तू म्हणायचीस, "आपलं डिपार्टमेंटच हाय हे." मी म्हणायचो, नराशिवाय आपलं चालतं का? कारण या माश्यांच्या बायका सगळ्या सारख्या दिसतात. जात कुठली ते ठरवायचं तर नरच हवा. त्याच्या मिशांवरचे केस आणि शेपटाकडचं टोक, एवढ्यावरच निकाल. "होय ना," तू म्हणायचीस. "आधार कार्ड हाय बिचारा. तेवढ्यापुरताच कामाचा."

हा नर बघायचा तर त्याला काचपट्टीवर डिंकासारख्या थेंबात नीट निजवावा लागतो. पाय, पंख, मिशा सगळं पसरून. ते काम माझं होतं. एक सोडून सगळे केस कापलेला ब्रश मी त्यासाठी वापरायचो. "पाठकच्या डोक्यावर नाही, पण ब्रशवर एक हाय," हा तुझा विनोद विभागात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकला आहे. सगळे म्हणायचे, पाठकचा हात म्हणजे सोनाराचा हात. मला ते आवडायचं. माझ्यात आवडण्यासारखं दुसरं काही लोकांना सापडलं नव्हतं, म्हणून जास्तच आवडायचं.

आणि आता शिंका. आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस शिंकतो. या माश्यांना पोसायला आपण तांदळावरचे पतंग पाळतो, भरडलेल्या ज्वारीवर, डबेच्या डबे. पतंग झटकून काढायच्या दिवशी त्यांच्या पंखांची भुकटी उडते. दिसत नाही, नाकाला कळते. काही जणांना ती भुकटी बाधते आणि मग आयुष्यभर बाधते. मी त्यातला. हे मला माहीत होतं, त्या दिवशीसुद्धा.

त्या दिवसाच्या आदल्या दुपारी तू नरखेडहून एसटीनं आलीस. संत्र्याच्या बागेतून, कोवळ्या पालवीवरची फुलपाखराची अंडी घेऊन. ती काळी पडलेली होती. काचेची नळी रुमालात गुंडाळून सगळा रस्ताभर हातात धरलेली, कारण पिशवीत ठेवली तर कंडक्टर त्यावर कोणाची तरी वांग्यांची थैली टेकवेल. वाटेतच माश्या निघाल्या होत्या. सगळ्या बायका आणि एकुलता एक नर. तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास आणि बराच वेळ हललीच नाहीस. मग म्हणालीस, "पाठक, इकडे ये गा. मले एकटीले दिसून राहिलं का, ते सांग."

मी पाहिलं. आपल्या नेहमीच्या माशीच्या नराच्या मिशांवर लांब केस असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. याच्या मिशांवर आखूड, जाड खुंट होते. अंगही काळपट. असा नर आपण कोणीच पाहिलेला नव्हता.

मला म्हणायला हवं होतं, "शीला, दिसतंय." मी म्हणालो, "बघू, स्लाइड झाल्यावर."

तुला तेवढं पुरलं. माझ्या "बघू"चं भाषांतर करायची तुला सवय होती. त्याच संध्याकाळी गेटबाहेर तर्री-पोहे खाताना तू नावावर आलीस. गावाचं नाव द्यायचं म्हणालीस. मी म्हटलं, आईचं दे. तू रात्री आईला विचारलंस आणि सकाळी येऊन तिचं उत्तर सांगताना तुला ठसका लागला. "आई म्हणे, माशीले काहून माह्यं नाव? जन्मभर माश्या हाकलल्या मी!"

सकाळी तू मीटिंगला गेलीस. बाहेरच्या खोलीत पतंग झटकणं चालू होतं. मला थांबता आलं असतं. दुपारी केलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण तू परत येशील तेव्हा स्लाइड तयार असावी, असं मला वाटलं. तुला खूश करायचं होतं. ब्रशच्या एका केसावर तो नर होता, खाली काचपट्टीवर थेंब तयार होता, आणि मला शिंक आली.

एकच. पण ती पुरेशी होती.

मी टेबल पाहिलं. ओल्या ब्रशनं टेबलाचा कण न् कण टिपून भिंगाखाली धरला. गुडघ्यांवर बसून फरशी पाहिली. रव्याच्या कणाहून लहान वस्तू फरशीवर शोधणारा माणूस कसा दिसत असेल, याचा विचार तेव्हा केला नव्हता. आता करतो, कारण कोणीतरी ते पाहिलं होतं, हे आता मला कळलं आहे.

मग मी उठलो, आपल्या कार्डावरचा एक नर घेतला, आपला नेहमीचा, लांब केसांचा, आणि त्याला त्या थेंबात निजवला. वर झाकणकाच ठेवली. हात जराही हलला नाही. सोनाराचा हात.

तू स्लाइड दक्षिणेतल्या त्या ज्येष्ठ तज्ज्ञांकडे पाठवलीस. आधी स्वतः पाहिलीस का, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांचं उत्तर सभ्य होतं. नमुना उत्तम बसवला आहे, पण जात नेहमीचीच. तू ते सगळ्यांना वाचून दाखवलंस, तसं करायची गरज नसताना. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "मंग मी डोळ्यानं पाहिलं ते काय होतं?"

मी म्हणालो, "जिवंतपणी कधीकधी वेगळंच दिसतं."

नर शिंकेनं उडाला, तो अपघात होता. दुसरा बसवला, ती भीती होती. पण हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, तुझ्याकडे बघत बोललो. माझ्या अंगावरचं ओझं हे आहे, शिंक नव्हे.

नंतर विभागात एक म्हण झाली. फाइल सापडली नाही की, "मॅडमची माशी झाली." मंजूर झालेला पंखा आला नाही की, "मॅडमची माशी." तुझ्या वस्तीतून आमच्या विभागात आलेली तू पहिली होतीस. लोक ज्या सुरात ते म्हणायचे, तो सूर मला नीट कळायचा, कारण माझ्यासारख्याच घरांतून आलेला सूर होता तो. एकदा मीही हसलो. तू समोर होतीस. तूही हसलीस आणि मला चहा ओतून दिलास.

त्यानंतर दर मोसमात तू नरखेडला जात राहिलीस. नव्या पालवीच्या दिवसांत तुझी रजा ठरलेली. मी म्हणायचो, "किती वर्षं शोधणार?" तू म्हणायचीस, "तुले काय करायचं? तुह्या पायांनी थोडीच चालून राहिली." ती बागही पुढे म्हातारी झाली, झाडं काढली गेली. तू शेजारच्या बागेत जायला लागलीस. संत्र्याची पिशवी मात्र दरवेळी माझ्या टेबलावर यायची. मी ती खाल्ली. सगळी, दरवर्षी.

आणि मला शिंक आली की तू काम थांबवायचीस, मान वळवायचीस, हनुवटीखाली हात घ्यायचीस. "हं, बोल." मला वाटायचं ही थट्टा आहे. मी नाक पुसून म्हणायचो, "काही नाही." तू म्हणायचीस, "बरं." आणि पुन्हा कामाला लागायचीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आलो. त्रिशरण, पंचशील झालं, लोक तुझ्याबद्दल बोलले. मला बोलायला सांगितलं, तर मी मानेनंच नको म्हटलं. मग तुझी बहीण करुणा मला नातेवाइकांकडे घेऊन गेली. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरी फक्त दारापर्यंत आलो होतो, त्यामुळे तिची-माझी ओळख नव्हतीच म्हणायची. तिनं मोठ्यानं सांगितलं, "हे पाठक भाऊ. शिंकवाले."

सगळ्यांनी "अच्छा, अच्छा" केलं. एक म्हातारे गृहस्थ आदरानं म्हणाले, "हे का ते!"

शीला, तुझ्या अख्ख्या खानदानाला माहीत होतं!

मी करुणाला बाजूला घेतलं. म्हणजे तिनंच मला घेतलं, माझा चेहरा बघून. मागच्या अंगणात, जिथे रंगाच्या जुन्या डब्यात तुझं लिंबाचं झाड आहे. ती म्हणाली, "मीटिंग लवकर सुटली होती भाऊ त्या दिवशी. दारातून पाहिलं तिनं तुमाले. गुडघ्यावर, ब्रश घेऊन. तशीच मागं फिरली. घरी येऊन एवढी हसली, एवढी हसली की आईले वाटलं, हिले काही झालं. मंग रडली."

"मग बोलली का नाही?"

"थे स्लाइड पाहिली ना तिनं पाठवायच्या आधी. लांब केस दिसले. म्हणे, पाठवतेच. पाठवून राहिली म्हटल्यावर तरी सांगन तो. नाही सांगितलं तुम्ही. वर्षभर लय चिडून होती. मंग चिडणं संपलं तिचं. आम्ही विचारलं की म्हणे, गाडी लेट हाय वं, रद्द नाही झाली."

मला राग आला, खरं सांगतो. तू एका शब्दानं मला सोडवू शकत होतीस. तो राग मी वाटेत सांभाळत आलो, कामठी रोडवरच्या प्रत्येक सिग्नलला नव्यानं. मग लक्षात आलं की एक शब्द तू दर शिंकेला म्हणतच होतीस. राग घरापर्यंत पोचलाच नाही.

निघताना करुणानं ते झाड दाखवलं. पालवी अळ्यांनी कुरतडलेली. "हात लावू देत नव्हती कोणाले. लिंबू एक नाही आलं आजपर्यंत. म्हणे, हे फुलपाखराचं हाय, आपलं नाही." शेंड्यावर काही अंडी होती. त्यातली थोडी काळी. मी विचारलं, नेऊ का? ती म्हणाली, "तुम्हीच न्या. पण शिंकू नका."

नळी मी रुमालात गुंडाळून, हातात धरून आणली.

दुसऱ्या दिवशी मी त्या तज्ज्ञांना कळवलं. ते आता फार थकले आहेत, पण उत्तर देतात. ती स्लाइड शीलाच्या माशीची नव्हती, असं लिहिलं, आणि का नव्हती तेही. विभागात सगळ्यांना बोलावून सांगितलं. म्हण बनवणाऱ्यांपैकी जे अजून नोकरीत आहेत, ते तिथे होते. मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडमची माशी होती?" मी म्हणालो, "होती." नव्या मुलींपैकी एकीनं विचारलं, "मग सर, आता कुठंय?" एका नराच्या साक्षीवर नवी जात मान्य होत नाही, आणि इथे तर तो नरही नाही. तुझं म्हणणं सिद्ध झालेलं नाही. पण ते खोटं ठरलं, असंही आता कोणी म्हणू शकत नाही.

नळीतल्या माश्या निघाल्या त्या दिवशी मी करुणाला बोलावून घेतलं. ती तुझ्या खुर्चीवर बसली. मी बस म्हणालो नव्हतो, तिला ती बरोबर सापडली. नर आधी निघाला होता आणि अंड्याभोवती फेऱ्या मारत बसला होता. मी त्याला काचपट्टीवर निजवला. नाकावर रुमाल बांधून. करुणा म्हणाली, "दरोडा टाकाले निघाले का भाऊ?"

स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी तिला जागा दिली. तिनं एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून.

"हेच का ताईचं?"

"नाही," मी रुमाल सोडत म्हणालो. "हा नेहमीचाच. केस लांब आहेत बघा मिशांवर."

"मंग ताईचं कसं होतं?"

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत कोणीतरी पतंगांचा डबा उघडला. मी मान वळवली, टेबलापासून दूर झालो आणि शिंकलो. मोठ्यानं.

करुणानं डोळा वर घेतला. हनुवटीखाली हात घेतला. हे ती तुझ्याकडून शिकली, की तू तिच्याकडून, ते आता कोणाला विचारू?

"हं," ती म्हणाली, "बोला."

"आखूड होते," मी म्हणालो. "जाड, काळे, खुंटासारखे. तिनं मला बोलावून दाखवले होते. मी पाहिले होते, करुणाताई. तिला जे दिसलं, तेच मला दिसलं होतं."

तिनं पर्समधून संत्री काढून एक माझ्यासमोर ठेवलं.

"आली म्हणायची गाडी," ती म्हणाली. "आता हे सोला, आणि नरखेडले कधी जायचं ते सांगा."